‘गिव्ह अप’ आणि ‘सोडून देणे’
(तंजावूर येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या गावात राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर उभे आहे, ज्या गावात मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या चार भाषा एकाच राजवाड्यात सुखाने नांदल्या, तेथे येऊन इंग्रजीतील एका क्रियापदावर तासभर बोलावयाचे, हा थोडा विक्षिप्तपणाच म्हणावयाचा. आणि क्रियापद तरी कोणते, तर शाळेच्या पाचव्या-सहाव्या इयत्तेतील मुलालाही ठाऊक असलेले ‘गिव्ह अप’! परंतु मला जे सांगावयाचे आहे ते याच गावात सांगितले पाहिजे. त्याची दोन कारणे आहेत. एक घरगुती आहे आणि दुसरे ऐतिहासिक. घरगुती कारण आधी सांगतो.

मी चौदा वर्षांचा असतानाची गोष्ट. आमच्या घरी मराठी बोलली जाई आणि उंबरठ्याबाहेर तमिळ. वडिलांना मोडी वाचता येई, तमिळ उत्तम लिहिता येई. इंग्रजी मात्र त्यांना येत नव्हते. घरात इंग्रजी शिकणारा मी एकटा. माझे काका त्या वेळी मद्रासच्या एका रुग्णालयात होते. त्यांच्या शेजारच्या खाटेवरील रोग्याचा मुलगा कोठे तरी कारकून होता. त्या भल्या माणसाने आपण होऊन आम्हांला पत्र लिहिले, इंग्रजीत. ते पत्र वडिलांनी माझ्या हाती दिले. त्यातील एक वाक्य असे होते : ‘द डॉक्टर्स हॅव्ह गिव्हन हिम अप.’ मी क्षणभर विचार केला. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, आणि ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, हे शाळेत घोकलेले होते. मी मोठ्या ऐटीने वाचून दाखविले : “डॉक्टरांनी काकांना सोडून दिले आहे.”

घरात आनंदीआनंद झाला. आईने देवापुढे साखर ठेवली. काकूंनी शेजारच्या बाईंना तमिळमध्ये सांगितले, ‘विट्टुविट्टार्गळ्’, म्हणजे सोडले. दोन दिवस लागोपाठ मी आणि माझा चुलतभाऊ सकाळच्या मद्रासच्या गाडीला स्टेशनवर जाऊन उभे राहिलो. तिसऱ्या दिवशी तार आली.

त्या वाक्याचे भाषांतर शब्दशः पाहिले तर चूक नव्हते. ‘सोडून दिले’ हा ‘गिव्हन अप’चा अर्थ कोशात सापडतो. परंतु डॉक्टरांनी रोग्याला ‘सोडले’ असे मराठीत म्हटले की रोगी घरी येतो, आणि इंग्रजीत ‘गिव्हन अप’ म्हटले की रोगी घरी येत नाही. मराठीत म्हणावयास हवे होते, डॉक्टरांनी आशा सोडली, किंवा डॉक्टरांनी हात टेकले. तमिळमध्ये म्हणावयास हवे होते ‘कैविट्टुविट्टार्गळ्’. त्या एका ‘कै’ने, म्हणजे हाताने, सगळा फरक पडला असता. माझ्याजवळ दोन मातृभाषा होत्या आणि दोन्ही भाषांनी मला त्या दिवशी एकाच खड्ड्यात नेले. वडील मला कधीही रागे भरले नाहीत. काकूंनी मात्र एकदाच विचारले, “पत्र आले त्याच रात्री निघालो असतो तर भेट झाली असती का रे?” झाली असती.

पुढे मी इंग्रजीचा शिक्षक झालो आणि चाळीस वर्षे मुलांना ही क्रियापदे शिकविली, याचे मूळ त्या पत्रात आहे.

आता दुसरे कारण. आपल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या इंग्रजी कोशाची १७८४ साली छापलेली प्रत आहे. हा कोश प्रथम १७५५ साली प्रसिद्ध झाला. १७८४ हे जॉन्सनच्या मृत्यूचे वर्ष. या कोशाच्या प्रस्तावनेत जॉन्सनने एक फार मार्मिक गोष्ट नमूद केली आहे. तो म्हणतो की इंग्रजीत क्रियापदाच्या पाठीमागे एखादे लहानसे अव्यय जोडून त्याचा अर्थ बदलण्याची रीत इतर भाषांपेक्षा पुष्कळच अधिक आहे, आणि परकीयांना सर्वांत मोठी अडचण येते ती येथेच. ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑन’, ‘सेट आउट’, ‘गिव्ह ओव्हर’ अशी उदाहरणे देऊन, आपण ही रूपे काळजीपूर्वक टिपली आहेत, संग्रह पूर्ण झाल्याचा दावा नाही, तरी शिकणाऱ्याचा मार्ग यापुढे अगदीच दुर्गम राहणार नाही, असा दिलासा तो देतो. या प्रकाराला त्याने नाव दिले नव्हते. आज प्रचलित असलेले ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव लोगन पीअरसॉल स्मिथ याने १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात वापरले, आणि ते आपल्याला ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविले असे त्याने सांगितले आहे. नाव नंतरचे, दुखणे जुने!

आणि ज्याच्या ग्रंथालयात हा कोश आहे तो राजा तर इंग्रजी शिकणारा परकीयच होता. दुसरे सरफोजी राजे यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले. अमरसिंगाच्या कारकिर्दीत त्यांचे शिक्षण ख्रिस्तियन फ्रेडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली, काही काळ मद्रासमध्ये झाले. म्हणजे मराठी राजपुत्राला इंग्रजीची वाट दाखविणारा गुरूही जन्माने इंग्रज नव्हता. श्वार्ट्झ १७९८ साली वारला. सरफोजींनी इंग्लंडमधील प्रख्यात शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून त्याचे संगमरवरी स्मारक घडवून आणले आणि त्याच्या समाधीसाठी स्वतः इंग्रजीत पद्य रचले. ते स्मारक शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये आहे. आपल्यापैकी ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. १८२६ साली बिशप हेबर येथे आला, तेव्हा राजाच्या तोंडून लाव्हाझिए, लिनियस आणि बुफाँ यांची नावे सहज येतात हे पाहून तो थक्क झाला.

सरफोजींनी राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या पदरच्या पंडिताने इसापच्या गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणल्या. ‘बालबोधमुक्तावली’ ते हेच पुस्तक. त्या पंडिताची मला नेहमी आठवण होते. त्या वेळी इंग्रजी-मराठी कोश छापलेला नव्हता. केनेडीचा कोश १८२४ चा, आणि मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पुरा केलेला मोठा कोश तर १८४७ चा. इसापचा कोल्हा द्राक्षांवर उड्या मारून मारून शेवटी काय करतो? इंग्रजीत तो ‘गिव्ह्‌ज अप’. मराठीत तो नाद सोडतो. या ‘अप’कडे पाहून, कोल्हा द्राक्षे वर कोणाला तरी देतो की काय, असा संशय एखाद्या नवख्या वाचकाला आला तर त्याला हसू नये.

आता क्रियापदाकडेच वळू. ‘अप’ म्हणजे वर, हे खरे. पण ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांत वर जाण्याचा काही संबंध नाही. येथे ‘अप’ने क्रियेची पूर्णता दाखविली जाते. मराठीत हेच काम ‘टाकणे’ करते : खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक. येथे कोणी काही फेकीत नाही. इंग्रज मनुष्य अव्यय पाठीमागे लावतो, आपण दुसरे क्रियापद लावतो, आणि तमिळ माणूसही तेच करतो. त्याचे ‘विडु’ म्हणजे आपले ‘सोडणे’ किंवा ‘टाकणे’. म्हणून ज्याला ‘फ्रेझल व्हर्ब’ अवघड वाटते त्याला मी म्हणतो, तुमच्या स्वयंपाकघरात दररोज जे चालते तेच हे आहे, फक्त भांडी निराळी.

मात्र येथे एक फसवणूक आहे. ‘खाऊन टाक’प्रमाणे ‘देऊन टाक’ असा प्रयोग केला तर तो ‘गिव्ह अप’ होत नाही, ‘गिव्ह अवे’ होतो. आणि नकारात तर मराठी व इंग्रजी यांच्या वाटा पुरत्या वेगळ्या होतात. ‘त्याने सगळे खाऊन टाकले’ हे आपण म्हणतो, पण ‘त्याने खाऊन टाकले नाही’ असे सहसा म्हणत नाही. ‘खाल्ले नाही’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र ‘डिड नॉट गिव्ह अप’ हा प्रयोग होकारापेक्षाही जोरकस आहे. त्याचे मराठी ‘सोडून दिले नाही’ असे केले तर वाक्य लुळे पडते. ‘हार मानली नाही’, ‘चिकाटी सोडली नाही’, ‘पिच्छा सोडला नाही’, यांपैकी प्रसंगाला शोभेल ते घ्यावे लागते.

रचनेचे दोन नियम शिक्षक या नात्याने सांगितल्यावाचून मला राहवत नाही. कर्म नाम असेल तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर कोठेही चालते, ‘गिव्ह अप द फोर्ट’ आणि ‘गिव्ह द फोर्ट अप’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. पण सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे : ‘गिव्ह इट अप’. ‘गिव्ह अप इट’ असे कोणी इंग्रज बोलणार नाही. दुसरे असे की, सवय सोडल्याचे सांगताना पुढे ‘इंग’चे रूप येते, ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. ‘गेव्ह अप टु स्मोक’ हे आपल्याकडील परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत मी शेकडो वेळा लाल शाईने खोडले आहे. ‘गिव्ह इन’ हा याचा सख्खा भाऊ, पण त्यात दुसऱ्याच्या दबावापुढे नमणे असते. आपण तंजावूरकर त्याला तमिळमध्ये ‘विट्टुक्कोडु’ म्हणतो. गंमत पाहा, ‘विट्टु’ म्हणजे सोडून आणि ‘कोडु’ म्हणजे दे. अक्षरशः ‘सोडून दे’. पण मराठीतील ‘सोडून देणे’ म्हणजे नमते घेणे नव्हे. दोन भाषांत एकाच मापाची वीट, पण भिंती दोन.

आता हे क्रियापद प्रथम कोठे दिसते ते पाहू. इंग्लंडमधील पीटरबरो येथील मठात लिहिलेल्या बखरीत ११३७ या वर्षाच्या नोंदीखाली स्टीफन राजाची हकीकत आली आहे. राजाने ऑक्सफर्ड येथे सभा भरविली, सॉल्झबरीचा बिशप रॉजर आणि त्याचे नातलग यांना पकडून बंदीत टाकले, आणि त्यांनी आपले किल्ले स्वाधीन करीपर्यंत त्यांना तेथेच ठेवले. ‘स्वाधीन करणे’ यासाठी बखरकाराने जे शब्द वापरले आहेत ते म्हणजे ‘गिव्ह अप’चेच जुने रूप. म्हणजे इंग्रजीतील या क्रियापदाचा सर्वांत जुन्या वापरांपैकी एक आहे तो किल्ल्याच्या संदर्भात, आणि तोही बळजबरीने द्यावयास लावलेल्या किल्ल्याच्या. सवय सोडणे, नाद सोडणे, आशा सोडणे हे अर्थ त्यानंतर त्याला चिकटत गेले.

किल्ला म्हटला की आपण पुन्हा तंजावूरला येतो.

सरफोजी १७९८ साली गादीवर बसले आणि १७९९ च्या ऑक्टोबरात ईस्ट इंडिया कंपनीशी त्यांचा तह झाला. त्या तहाने राज्याचा मुलकी व लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावूरचा किल्ला व त्याच्या आसपासचे थोडे क्षेत्र उरले. दरसाल एक लक्ष स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा त्यांना मिळावयाचा ठरला. इंग्रजी इतिहासग्रंथांत ही गोष्ट एका वाक्यात येते, आणि त्यात बहुधा ‘गेव्ह अप’ किंवा त्याच्याच कुळातील एखादे क्रियापद असते. इंग्रजी वाचकाला ते खटकत नाही, कारण त्याचे क्रियापद इतके लवचीक आहे की खुशीने दिले, नाइलाजाने दिले, थकून सोडले की फसवून घेतले, यांपैकी काहीच सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही.

पण मराठीत ते वाक्य लिहावयास बसलेल्या माणसाची काय अवस्था होते! ‘सरफोजी राजांनी कारभार सोडून दिला’ असे लिहावे, तर राजा कंटाळून उठून गेला असे वाटते. ‘सोपविला’ म्हणावे, तर विश्वासाने ठेव ठेवल्यासारखे होते. ‘स्वाधीन केला’ म्हटले की डोळ्यांपुढे तोफा उभ्या राहतात. तंजावूरने त्या १७७१ आणि १७७३ साली नवाबाच्या व कंपनीच्या फौजांच्या रूपाने पाहिल्या होत्या, १७९९ साली नव्हे. ‘त्याग केला’ म्हणावे, तर राजा संन्यासी ठरतो. ‘गमावला’ म्हणावे, तर सगळा दोष त्याच्या माथी येतो. यांतील प्रत्येक शब्द म्हणजे इतिहासाचा एकेक निवाडा आहे, आणि इंग्रजी मजकुरात तो निवाडा दिलेलाच नाही. भाषांतरकाराला न्यायाधीशाच्या आसनावर बसावेच लागते. मग तो कितीही विनयशील असो.

मला स्वतःला येथे ‘पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार जवळचा वाटतो. दान देताना उदक सोडण्याचा आपला विधी आहे. हातावरचे पाणी खाली पडले की वस्तूवरचा आपला हक्क संपला. पुढे या विधीतील दानाचा भाग मागे पडला आणि हक्क संपल्याची हळहळ तेवढी उरली. ‘त्या पैशांवर आता पाणी सोडा’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी दान करीत नसतो. देणे आणि गमावणे, इच्छा आणि नाइलाज, हे दोन्ही त्या शब्दांत मिसळलेले आहेत. एकवीस-बावीस वर्षांच्या तरुण राजाला गादी मिळाली ती कंपनीच्या पाठिंब्याने. नाही म्हणण्याइतके बळ त्याच्याजवळ नव्हते आणि हो म्हणण्यात सुख नव्हते. त्याने कारभारावर पाणी सोडले, असे मी लिहीन. कोणी याहून चांगला शब्द सुचविल्यास मी माझा शब्द आनंदाने मागे घेईन.

याच क्रियापदाचा आणखी एक प्रयोग आहे. ‘गिव्ह वनसेल्फ अप’ म्हणजे गुन्हेगाराने आपण होऊन पोलिसांच्या हाती जाणे. पण त्यालाच ‘टु’ जोडून पुढे एखादा व्यासंग आला की अर्थ होतो, त्या गोष्टीला स्वतःला वाहून घेणे. १७९९ नंतरच्या तेहतीस वर्षांत सरफोजींनी नेमके हेच केले. हस्तलिखिते जमविली, १८२० च्या सुमारास काशीयात्रेला गेले तेथूनही ग्रंथ आणले, धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग करविले, भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. एकाच क्रियापदाचे दोन अर्थ, एकाच माणसाच्या आयुष्याचे दोन भाग. इंग्रजीला हे सहज साधते. मराठीत ‘पाणी सोडणे’ आणि ‘वाहून घेणे’ यांत पाण्याचा भास तेवढा समान आहे, आणि तोही फसवाच, कारण येथे ‘वाहणे’ म्हणजे अर्पण करणे.

सरफोजी १८३२ साली वारले. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी १८५५ साली पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राज्याबरोबर खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. येथे ‘गिव्ह अप’ला जागाच नाही. घेणारा होता, देणारा कोणी नव्हता. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या, मद्रासला जिंकल्या. पण १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही राज्यसत्तेची कृती आहे, तिच्यात न्यायालयाला हात घालता येत नाही, असा निकाल दिला. मालमत्ता राण्यांकडे परत आली ती पुढे १८६२ साली, आणि ती हक्क म्हणून नव्हे, सरकारची मेहेरबानी म्हणून. त्या बाई मद्रासच्या निकालावर समाधान मानून स्वस्थ बसल्या असत्या किंवा पहिल्याच नकाराने गप्प झाल्या असत्या, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. ‘शी डिड नॉट गिव्ह अप’ हे वाक्य मुलांना शिकविताना मी इतर कोणाचे उदाहरण देत नसे.

राहता राहिले ग्रंथालय. राजघराण्यातील वंशजांमध्ये त्याच्याविषयी खटले चालू होते. १९१८ साली त्यांनी आपापले हक्क सोडले, एक लक्ष रुपयांचा निधी ग्रंथालयाच्या व्यवस्थेसाठी बाजूला काढला आणि तो सर्व संग्रह लोकांच्या उपयोगासाठी खुला झाला. इंग्रजीत या घटनेलाही ‘गेव्ह अप देअर क्लेम्स’ असे म्हणता येते. बिशप रॉजरने तुरुंगात बसून किल्ले दिले तेही ‘गेव्ह अप’, आणि यांनी घरात बसून, कोणाची जबरदस्ती नसताना, पोथ्या दिल्या तेही ‘गेव्ह अप’! येथे मात्र मराठीत मला मुळीच अडखळायला होत नाही. ‘हक्क सोडले आणि संग्रह लोकार्पण केला’ एवढे म्हटले की झाले.

तहाच्या कागदाचे भाषांतर करावयाचे झाल्यास अमुक शब्द का निवडला हे तळटीपेत लिहावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे. पत्राला तळटीप नसते. म्हणून घरी परक्या भाषेतील पत्र आले आणि त्यात आजारी माणसाचे नाव दिसले, तर ते एकट्याने वाचू नका. गल्लीत दुसरा कोणी त्या भाषेचा जाणकार असेल त्यालाही दाखवा. आमच्या गल्लीच्या टोकाला त्या वेळी एक निवृत्त पोस्टमास्तर राहत असत. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले येत असे. मी त्यांच्याकडे गेलो नाही, कारण ते वाक्य मला समजले आहे अशी माझी खात्री होती.

आता आपले प्रश्न असतील तर ते ऐकावयास मी उत्सुक आहे.